‘ईसीएम गेलंय’ म्हणण्याआधी

टो करून आणलेली हायब्रिड गाडी गॅरेजच्या दारात उतरते. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर एकदम सात-आठ कोड उमटतात आणि दोन मिनिटांत निकाल लागतो : ‘साहेब, ईसीएम गेलंय.’ पुढचा खर्च पाच आकडी, कधी सहा आकडी. ईसीएम म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे, ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा संगणक, एवढे गाडीमालकाला ऐकून माहीत असते. त्यामुळे हुज्जत घालायची तर कशाच्या जोरावर, हा प्रश्नच असतो. अशा गाड्यांपैकी कित्येकींचे ईसीएम ठणठणीत असते आणि बिघाड शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीत किंवा गंजलेल्या बोल्टात सापडतो. हायब्रिड गाड्या आता महाराष्ट्रात मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

स्कॅनर खोटे बोलत नाही, पण तो जेवढे सांगतो त्यापेक्षा जास्त आपण ऐकतो. कोड ही संगणकाने नोंदवलेली तक्रार असते. अमुक सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, तमुक युनिट उत्तर देत नाही, इतकेच तीत असते. सेन्सर बिघडला, त्याची वायर उंदराने कुरतडली की ती तक्रार लिहिणारे युनिटच गेले, हे माणसाने शोधायचे असते.

हायब्रिडमध्ये हा शोध आणखी गुंतागुंतीचा होतो. टोयोटाची प्रियस १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानात विक्रीला आली, तेव्हापासून या गाड्यांत इंजिनाचे ईसीएम हे दुय्यम अधिकारी आहे. इंजिन कधी सुरू करायचे आणि कधी बंद ठेवायचे, हे हायब्रिड यंत्रणेचे वेगळे नियंत्रण ठरवते. प्रियसला नेहमीचा स्टार्टरही नाही. मोठ्या बॅटरीवर (दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती २०१.६ व्होल्टची आहे) चालणारी मोटरच इंजिन फिरवते. साहजिकच ईसीएम बिघडले तरी गाडी मोटरवर गुपचूप पुढे सरकते आणि मालकाला वाटते, घरापर्यंत रेटू. एक-दोन किलोमीटरमध्ये मोठी बॅटरी उतरते. मग मूळ दोष सापडला तरी इंजिन फिरवायला ताकद उरलेली नसते आणि शेजारच्या गाडीची जंपर केबल त्या बॅटरीच्या कामाची नसते. तिला खास चार्जर लागतो, तो प्रत्येक गॅरेजकडे नसतो. धोक्याचा लाल त्रिकोण लागला की गाडी बाजूला घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची. पेट्रोल गाडीत ती म्हातारी झाली की स्टार्टर सकाळी कण्हतो आणि आपल्याला आधीच कळते. हायब्रिडमध्ये तिला इंजिन फिरवायचे नसते, फक्त संगणक जागे करायचे असतात, त्यामुळे ती आवाज न करता जाते. तिचा व्होल्टेज खाली आला की युनिट एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि कोडांचा पाऊस पडतो. सात-आठ कोड एकदम आले तर पहिला संशय सात-आठ सुट्या भागांवर घेण्यापेक्षा या बॅटरीवर घ्यावा.

त्यानंतर अर्थिंग. कोकणातली खारी हवा, चिपळूणमध्ये जुलै २०२१ला झाले तसे घरात नि गाडीत शिरणारे पुराचे पाणी, यांनी कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. वरवर पाहता वायर जोडलेली दिसते, करंट मात्र अडखळत जातो. चांगला वायरमन मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे ईसीएमच्या अर्थ पिनला लावून गाडी चालू असताना फरक मोजतो. तो साधारण ०.१ व्होल्टपेक्षा जास्त भरला की बोल्ट खोलून पॉलिशपेपर मारायचा. या कामाला नवा संगणक लागत नाही.

आणखी एक तपासणी तर पाहण्यासारखी असते. ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा करते. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की पुरवठा कोलमडतो आणि त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सरही चुकीचे आकडे देऊ लागतात. स्कॅनरला हे चित्र हुबेहूब मेलेल्या ईसीएमसारखे दिसते. मेकॅनिक मीटर लावून ठेवतो आणि एकेका सेन्सरचा कपलर काढत जातो. पहिला काढला, काटा हलत नाही. दुसरा, तिसरा, तेच. चौथा काढताच मीटर पाच व्होल्टवर येऊन थांबतो. चोर सापडला. या अर्ध्या तासाची मजुरी मागायला मेकॅनिकला संकोच वाटतो आणि ती द्यायला ग्राहक कुरकुरतो. आमच्या मते चुकीच्या निदानांचे एक मोठे मूळ इथे आहे : शोधाचे पैसे कोणी देत नाही, सुट्या भागाचे मात्र बिनबोभाट दिले जातात.

ईसीएम कधी खरेच जातेही. पिनांपर्यंत पुरवठा आणि अर्थ दोन्ही चोख, तरी पाच व्होल्ट बाहेर पडत नाहीत, स्कॅनरला उत्तर मिळत नाही किंवा गाडी तापली की दोष आणि थंड झाली की सगळे आलबेल, अशी लक्षणे दिसली तर संशय पक्का होऊ लागतो. टोयोटाने २०१०मध्ये अमेरिकेत कोरोला आणि मॅट्रिक्स या ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या ईसीएमच्या सर्किट बोर्डवरील सोल्डरला तडे जाण्याच्या शक्यतेमुळे. उलट प्रियसच्या दोन गाजलेल्या मोहिमांत, म्हणजे २००५मध्ये सुमारे ७५ हजार गाड्या आणि २०१४मध्ये जगभरात सुमारे १९ लाख गाड्या, मुख्य उपाय सॉफ्टवेअर बदलण्याचा होता. नवे युनिट मागवण्याआधी कंपनीचे नवे सॉफ्टवेअर आले आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. तसेच ईसीएम कशामुळे जळले हेही शोधावे लागते. इग्निशन कॉइल शॉर्ट असेल तर ती नव्या ईसीएमचाही घास घेते.

बदलण्याचे हातकाम किरकोळ आहे. बारा व्होल्टची निगेटिव्ह काढा, चार बोल्ट, दोन-तीन कपलर. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना मात्र हाय व्होल्टेजचे हातमोजे घालून, सर्व्हिस प्लग काढून, काही मिनिटे थांबल्याशिवाय हात लावू नये. खरी अडचण पुढे येते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेले जुने युनिट दिसायला तेच, पण पार्ट नंबरचे शेवटचे दोन अंक वेगळे असले तरी आतले सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. शिवाय अनेक गाड्यांत किल्लीच्या इमोबिलायझरशी संगणकाची सांकेतिक गाठ असते. ती गाठ नव्याने बांधायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. ते नसेल तर तोच भाग, तीच गाडी आणि तरीही इंजिन सुरू होत नाही.

हे सॉफ्टवेअर कोणाला मिळावे, हा प्रश्न भारतात जुना आहे. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. कंपन्यांचा आक्षेप असा की किल्लीचे कोड खुले केले तर चोरांचे फावेल. आक्षेप खोटा नाही, पण त्यावर तोडगा आहे. अमेरिकेत किल्ल्यांचे काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी होते आणि कोणी कोणत्या गाडीचा कोड मागितला याची नोंद राहते. आपल्याकडे अशी नोंदणी सुरू केली, तर परवानाधारक गॅरेजला माहिती आणि पोलिसांना माग, दोन्ही मिळू शकेल. ‘चोरांमुळे’ म्हणत सगळ्यांनाच कुलूप लावणे आम्हाला पटत नाही.

तोवर एक काम मालकाने स्वतः करावे. ईसीएम खरेच बदलले, तर जुने युनिट गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. ते चालत नसले तरी त्यातली मेमरी बऱ्याचदा शाबूत असते. नव्याची गाठ जुळली नाही, तर जाणकार माणूस त्या मेमरीतला मजकूर नव्यात उतरवून गाडी सुरू करू शकतो. बिलावर दोन्ही युनिटचे पार्ट नंबर लिहून घ्यावेत आणि जुने, पिशवीत गुंडाळून, कपाटात ठेवावे.