टेलोमिअर, व्हिटॅमिन डी आणि हृदय: ‘तीन वर्षं वाचली’ या बातमीचा अर्थ काय?

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका संशोधनाची बातमी जगभर फिरली. रोज व्हिटॅमिन डी घेणाऱ्या ज्येष्ठांच्या पेशी म्हाताऱ्या होण्याचा वेग मंदावला आणि चार वर्षांत जवळपास तीन वर्षांचं ‘वय’ वाचलं, असा तिचा मथळा होता. तेव्हापासून ओपीडीत साठी-सत्तरीतले पेशंट आणि त्यांची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: टेलोमिअर आखूड झालं की हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणे, मग या गोळीनं तो टळेल का? काहींच्या हातात ‘शरीराचं खरं वय’ सांगणाऱ्या तपासणीची जाहिरातही असते.

प्रश्न रास्त आहे. याचं बरंचसं उत्तर त्याच संशोधनाच्या मोठ्या भागात आहे, पण बातमीत ते आलं नाही.

टेलोमिअर म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. साडीच्या पदराचे सुटे दोरे उसवू नयेत म्हणून आपण टोकाला गोंडे बांधतो. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना असंच एक संरक्षण असतं, ते टेलोमिअर. तिथे डीएनएची टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. पेशी विभागली की दर वेळी या टोकाचा थोडासा भाग कमी होतो. फारच आखूड झालं की पेशी विभागणं थांबवते. टेलोमिअर आणि ते भरून काढणारं टेलोमरेज हे एन्झाइम यांवरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

तपासणीत मोजतात ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं टेलोमिअर. हृदयाचा तुकडा काढून कोणी मोजत नाही, हे लक्षात असू द्या.

हृदयविकाराशी संबंध आहे, पण किती?

संबंध खरा आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये साठीपुढच्या १४३ जणांचा छोटा अभ्यास आला. ज्यांचं टेलोमिअर आखूड होतं त्यांच्यात हृदयविकारानं झालेले मृत्यू तिपटीहून जास्त होते. एवढ्याशा अभ्यासात आकडे नेहमीच मोठे दिसतात. २०१४ मध्ये ‘बीएमजे’मध्ये २४ अभ्यास आणि सुमारे ४४ हजार लोक एकत्र घेतले, तेव्हा चित्र जास्त शांत झालं. सर्वांत आखूड टेलोमिअर असलेल्या एक तृतीयांश लोकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचा धोका सर्वांत लांब टेलोमिअर असलेल्यांपेक्षा साधारण दीडपट निघाला. आजार नसलेल्यांना पुढे अनेक वर्षं पाहत गेलेले अभ्यासच घेतले, तर हा फरक ४० टक्क्यांच्या आसपास होता.

४० टक्के ऐकून दचकू नका. समजा, लांब टेलोमिअरवाल्या १०० जणांपैकी १० जणांना आजार झाला, तर आखूडवाल्यांत तो १४ जणांना होईल आणि ८६ जणांना होणार नाही. तुलनेसाठी, ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात धूम्रपान आणि डायबेटीस या दोन्हींनी हार्ट अटॅकचा धोका प्रत्येकी दुपटीहून जास्त वाढवलेला दिसला. त्या दोन्ही गोष्टी कळायला महागडी तपासणी लागत नाही.

ज्येष्ठांच्या घरच्यांनी आणखी एक अभ्यास जरूर माहीत करून घ्यावा. अमेरिकेतल्या ‘कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी’मध्ये ६५ वर्षांपुढच्या ४१९ जणांचं टेलोमिअर मोजलं होतं. ७३ वर्षांपर्यंतच्या लोकांत आखूड टेलोमिअर आणि हार्ट अटॅक यांचा संबंध ठळक होता. ७३ च्या पुढे तो दिसलाच नाही. म्हणजे ७८ वर्षांच्या वडिलांचा टेलोमिअर रिपोर्ट ‘वाईट’ आला, तरी त्यावरून त्यांच्या हृदयाबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

कारण की नुसती खूण?

तंबाखू, लठ्ठपणा, डायबेटीस आणि शरीरात सतत धुमसणारी सूज हृदयालाही त्रास देतात आणि टेलोमिअरही आखूड करतात. त्यामुळे आखूड टेलोमिअर हे काही अंशी पांढऱ्या केसांसारखं आहे. केस पांढरे झालेल्यांत हार्ट अटॅक जास्त दिसतील, पण कलप लावून कोणाचा अटॅक टळत नाही.

तरी गोष्ट एवढ्यावर मिटत नाही. जन्मतःच आखूड टेलोमिअरची जनुकं मिळालेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण थोडं जास्त असतं, हे जनुकीय अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून टेलोमिअरचा काही वाटा खरोखर कारणाचाही असावा, असं मला वाटतं. पण त्याच पद्धतीनं केलेल्या, २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त आलेल्या विश्लेषणात उलटी बाजूही समोर आली. जनुकांमुळे टेलोमिअर लांब असलेल्यांना हृदयविकार कमी, पण बऱ्याच प्रकारचे कॅन्सर जास्त. विचार केला तर यात आश्चर्य नाही. पेशीला कधी थांबायचं हे सांगणारी गोष्टच लांबली, तर चुकार पेशीलाही वाढायला जास्त वेळ मिळतो. ‘टेलोमरेज वाढवणारी’ सप्लिमेंट्स विकणारे लोक ही बाजू सांगत नाहीत.

आता त्या बातमीकडे

हे संशोधन ‘व्हायटल’ नावाच्या मोठ्या चाचणीतलं आहे. तिच्यात ५० वर्षांपुढचे पुरुष आणि ५५ वर्षांपुढच्या स्त्रिया, असे एकूण २५,८७१ लोक होते. काहींना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटवारीत ओमेगा-३ होतं. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला किंवा डॉक्टरांना माहीत नव्हतं. चाचणी म्हणून काम उत्तम होतं.

यांपैकी १,०५४ जणांचं टेलोमिअर सुरुवातीला, दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी मोजलं. व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांत ते कमी आखूड झालं. दोन गटांतला फरक सुमारे १४० अक्षरजोड्यांचा होता. ‘तीन वर्षं’ हा आकडा त्यावरून काढलेला हिशेब आहे. ओमेगा-३ मुळे लक्षणीय फरक पडला नाही.

पण त्याच २५,८७१ लोकांना किती हार्ट अटॅक आले, किती स्ट्रोक झाले, किती जण हृदयविकारानं गेले, हेही मोजलं होतं. साधारण पाच वर्षं लक्ष ठेवल्यानंतर, २०१८ मध्ये, तो निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. व्हिटॅमिन डी घेणारे आणि न घेणारे यांत फरक नव्हता. नव्यानं होणाऱ्या कॅन्सरच्या प्रमाणातही नव्हता.

म्हणजे त्याच गोळीनं, त्याच डोसमध्ये, टेलोमिअर थोडं राखलं आणि हृदयाला काही मिळालं नाही. तुम्हाला हवं आहे ते दुसरं. कोणी म्हणेल, पाच वर्षं कमी पडली असतील. असू शकतं. पण व्हिटॅमिन डीचा रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम होतो. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं मिश्रण जरी थोडं बदललं, तरी टेलोमिअरची सरासरी बदलू शकते आणि रक्तवाहिन्या तशाच राहू शकतात. मोजायला सोपी गोष्ट सुधारली म्हणून आजार सुधारला, असं धरून वैद्यकशास्त्रानं आधीही मार खाल्ला आहे.

तुमच्या रक्तात व्हिटॅमिन डी खरंच कमी असेल, तर ते जरूर घ्या. ते हाडं आणि स्नायूंसाठी.

मग टेलोमिअर टेस्ट करून घ्यावी का?

हृदयासाठी, नको. मोठ्या माणसात टेलोमिअर वर्षाला साधारण २० ते ४० अक्षरजोड्यांनी आखूड होतं आणि त्याची एकूण लांबी काही हजार असते. मोजण्यातली चूक दोन-चार टक्के जरी धरली, तरी ती कित्येक वर्षांच्या फरकाएवढी होते. हजार लोकांच्या सरासरीत ही चूक विरून जाते, एका माणसाच्या रिपोर्टात विरत नाही. यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून आनंद किंवा दुःख करण्यात अर्थ नाही. या तपासणीचा खरा उपयोग वेगळाच आहे: लहान वयात अस्थिमज्जा निकामी होणं किंवा फुप्फुसं कडक होत जाणं, असे दुर्मीळ आनुवंशिक आजार शोधताना.

तेच पैसे बीपी, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी ठेवा. घरात कमी वयात अटॅक आले असतील, तर आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए बघा. मिश्री आणि तपकीर हीसुद्धा तंबाखूच आहे. आपल्याकडे घाई करण्याला कारण आहे: इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास.

आणि समजा तुम्ही टेस्ट केलीच आहे, रिपोर्ट ‘आखूड’ आला आहे आणि झोप उडाली आहे. तर २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो. पश्चिम स्कॉटलंडमधल्या मध्यमवयीन पुरुषांत आखूड टेलोमिअरवाल्यांना धोका जास्त होता, पण त्यांच्यापैकी ज्यांना प्रॅव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध मिळालं, त्यांच्यात तो वाढीव धोका बराच उतरला. हे औषध स्टॅटिनच्याच कुळातलं, कदाचित तुमच्या गोळ्यांच्या डबीत आधीपासून असलेलं. नवी सप्लिमेंट सुरू केली म्हणून ती गोळी बंद करणारे पेशंट मला भेटतात. तसं करू नका.

एक गोष्ट तातडीची. ‘व्हायटल’मधला डोस रोज २,००० युनिट होता, म्हणजे महिन्याला ६०,०००. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी पावडरची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा ६०,००० युनिटची असते, आणि ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या चढतं आणि किडनीला इजा होते. घरातले आजी-आजोबा ही पुडी घेत असतील, तर ती रोज घेतली जात नाही ना, हे आजच बघा. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, अशक्तपणा किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासून घ्या. डिगॉक्सिन किंवा थायझाइड गटातली लघवीची गोळी चालू असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.