दळल्याची तारीख नको, मुळी खणल्याची तारीख सांगा!



चूर्णाच्या डबीवर छापतात ती तारीख चूर्ण तयार केल्याची. आतलं ज्येष्ठमध किंवा हिरडा त्याआधी किती पावसाळे गोणीत पडून होता, ते डबीवर कुठंच नसतं.

पावसाळ्यात गोदामात भिंतीला टेकलेली थप्पी सरदते. हिरड्याच्या सुरकुत्यांत हिरवट-पिवळा भुरा धरतो. मग तोच माल ऑक्टोबरच्या उन्हात पसरायचा, फडक्यानं पुसायचा आणि चक्कीत टाकायचा. दळल्यावर कोण ओळखणार? भुरा पुसला जातो, पण बुरशीनं आत सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष तिथंच राहतं. काढा उकळून ते जात नाही; ते मोडायला 250 अंशांच्या आसपास उष्णता लागते. ज्येष्ठमधात सापडणारं ऑक्राटॉक्सिन हे बुरशीचं दुसरं विष मूत्रपिंडावर उठतं.

‘चमचाभर चूर्णानं काय होतंय?’ असं दुकानदार म्हणतात. 1974 साली बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली. तो रोजच्या पोटभर भाकरीचा मका होता, मान्य. पण चूर्णही महिनोन् महिने घेतात, आणि पुष्कळदा यकृत आधीच बिघडलेला माणूस यकृतासाठीच घेतो! अफ्लाटॉक्सिननं यकृताचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं केव्हाच जाहीर केलं आहे.

आम्हाला आयुर्वेदद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी ‘शार्ङ्गधर संहिता’ हा आयुर्वेदाचाच जुना ग्रंथ उघडावा. त्यात चूर्णाचा गुण दोन महिन्यांत उतरतो असं म्हटलं आहे; आपला कायदा चूर्णाला 2 वर्षं देतो. हवाबंद डबी आली म्हणून मुदत वाढली, हे एक वेळ समजू. सरदलेली मुळी हवाबंद करून काय साधतं? आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणाल, तर बुरशीही नैसर्गिकच आहे.

आमची मागणी साधी आहे. वनस्पती कोणत्या महिन्यात गोळा केली ते डबीवर छापा. प्रत्येक बॅचची अफ्लाटॉक्सिन तपासणी करून आकडा लेबलवर द्या. युरोपात औषधी वनस्पतींतल्या अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे. अन्न व औषध प्रशासनानं नमुने चकचकीत डब्यांतले घेऊन थांबू नये, ऐन श्रावणात गोदामातल्या तळच्या गोणीतले घ्यावेत.

तोवर दुकानात विचारा, ‘माल कधीचा?’ उत्तर मिळालं नाही तर डबी परत ठेवा. घरातल्या चूर्णाला कुबट वास येत असेल, तर उन्हात घालून वापरू नका. फेकून द्या.