दुखत नाही, म्हणूनच पाहायचे

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी चिखलात अनवाणीच उतरतो. तळव्यात बाभळीचा काटा मोडतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताच नसतो. आठवड्याने पाय सुजतो, वास येऊ लागतो, तेव्हा घरचे त्याला दवाखान्यात आणतात. त्याचे म्हणणे एकच: "दुखत नव्हतं, मग दाखवायचं कशाला?"

अहिल्यानगर जिल्ह्यात मधुमेहींवर उपचार करणाऱ्यांना हे वाक्य नवे नाही. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो आणि तिथेच चुकतो. रुग्णाचा हिशेब सरळ असतो: दुखणे म्हणजे आजार, दुखत नाही म्हणजे बरे. "शुगर उतरली, गोळी सोडली", "काट्यानं चिघळलं, शुगरचा काय संबंध?", "शुगरचा पाय शेवटी कापावाच लागतो" हीदेखील त्याच्या अनुभवातून आलेली अनुमानेच आहेत. आजार कशाने झाला, किती दिवस राहणार, आपल्या हातात काय आहे, याविषयी माणूस जे मानतो त्यावरच तो रोज पाय पाहणार की नाही, हे ठरते.

म्हणून प्रत्येक समजुतीला वेगळे उत्तर हवे. ज्याला आपला पाय धडधाकट वाटतो, त्याच्या हाताला आधी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू) लावा, मग डोळे मिटायला सांगून तळव्याला. हाताला कळले ते पायाला कळत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते. पाय जाणारच म्हणून ज्याने हाय खाल्ली आहे, त्याला वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचे कुष्ठरोग्यांमधील काम सांगा. कुष्ठरोग्यांचे पाय आपोआप झडत नाहीत. न जाणवणाऱ्या इजा आणि सततचा दाब यांमुळे जखमा होतात, हे त्यांनी दाखवून दिले. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाचेही तसेच आहे: दाब टाळला, तर अशा बहुतेक जखमा भरतात. नवरात्रात मोहटादेवीच्या दर्शनाला अनवाणी जाणाऱ्या बाईच्या नवसाची थट्टा नको. वाटेत पादत्राणे, देवळात स्वच्छ मोजे आणि मुक्कामी सुनेकडून तळव्यांची तपासणी, एवढे ती आनंदाने मान्य करील.

माहितीपत्रक हातात देण्याआधी रुग्णाला दोन प्रश्न विचारा: "हे कशानं झालं असं वाटतं? बरं होईल असं वाटतं का?" उत्तरे त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा आणि सल्ला तिथूनच सुरू करा. पायाची तपासणी मोजे-चपला काढायला लावूनच करा. आपण स्वतः तळवा पाहिला नाही, तर रुग्णाने तो घरी रोज पाहावा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.