‘कातामारी’ पडला, असे म्हणण्याआधी

नामको या जपानी कंपनीने मार्च 2004 मध्ये प्लेस्टेशन 2 साठी ‘कातामारी दामाशी’ नावाचा गेम बाजारात आणला. विश्वाच्या राजाने आकाशातले तारे बेभानपणे उद्ध्वस्त केले आहेत आणि ते पुन्हा घडवण्याचे काम जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीच्या राजपुत्राच्या गळ्यात पडले आहे, एवढीच त्याची गोष्ट. राजपुत्र एक चिकट गोळा ढकलत निघतो. गोळ्याला आधी टाचण्या आणि खोडरबरे चिकटतात, मग मांजरे, माणसे, मोटारी, शेवटी इमारतीसुद्धा. समीक्षकांनी हा गेम डोक्यावर घेतला, पण जपान आणि अमेरिका मिळूनही त्याचा त्या काळातला खप दहा लाख प्रतींच्या बराच खाली राहिला. तेवढ्यावरून ‘कौतुक झाले, पण धंद्यात पडला’ असा शेरा मारला जातो. हा शेरा मला साफ चुकीचा वाटतो.

धंद्यातले अपयश ठरवायचे तर विक्रीच्या आधी खर्च पाहावा लागतो. शिल्पकलेचे शिक्षण घेतलेले केइता ताकाहाशी यांनी हा गेम एका छोट्या चमूकडून करून घेतला. सुरुवातीच्या कामात तर गेमनिर्मिती शिकणारे विद्यार्थी होते. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या आत राहिला. अमेरिकेत नवा गेम साधारण पन्नास डॉलरला मिळत असताना हा वीस डॉलरला विकला गेला. दुकानदाराचा वाटा, सोनीचा परवाना आणि डिस्कचा खर्च वजा करून प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे दहा डॉलर उरले असे धरू. हा आकडा नामकोच्या हिशेबातला नाही, केवळ अंदाजासाठी घेतला आहे. तरी त्या हिशेबाने निर्मितीचा खर्च लाखभर प्रतींतच भरून निघतो. हिंदीतल्या शंभर कोटींच्या मापाने मराठी चित्रपट मोजू नये, हे आपल्याला सहज पटते. गेमच्या बाबतीत मात्र हे भान सुटते.

याच मापाची दुसरी बाजू 2013 मध्ये दिसली. ‘टुम्ब रेडर’च्या नव्या आवृत्तीच्या सुमारे महिनाभरात 34 लाख प्रती खपल्या, तरी स्क्वेअर एनिक्स कंपनीने हा खप अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे जाहीर केले. खर्च आणि अपेक्षा इतक्या फुगल्या होत्या की 34 लाखही थोडे पडले. त्याहून बोलके उदाहरण 2005 मधल्या ‘सायकोनॉट्स’चे आहे. तोही विक्षिप्त, तोही समीक्षकांचा लाडका आणि वर्षअखेरीस त्याचा खप लाखाच्या आत. पण त्याच्या निर्मितीवर एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. प्रकाशक मॅजेस्को कंपनी अडचणीत आली आणि पुढच्याच वर्षी तिला मोठ्या खर्चाच्या गेममधून अंग काढून घ्यावे लागले. ‘सायकोनॉट्स’ त्या वेळी पडला, हे निःसंशय. पण तेवढाच खप ‘कातामारी’च्या वाट्याला आला असता तर नामकोला फारसा धक्काही बसला नसता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कौतुकाने तिजोरी भरत नाही. 2006 च्या ‘ओकामी’वर पुरस्कारांचा वर्षाव झाला, पण त्याचा खप यथातथाच राहिला आणि तो घडवणारा क्लोव्हर स्टुडिओ कॅपकॉमने काही महिन्यांत बंद केला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये पहिले चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात ‘कातामारी’ होता. या मानाचा नफ्यातोट्याशी संबंध नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणून मी पुरावा म्हणून तो मान पुढे करत नाही. माझा पुरावा आहे तो कंपनीच्या वागण्याचा. तोट्यात गेलेल्या मालाची पुढची आवृत्ती कोणी काढत नाही. नामकोने वर्ष-सव्वा वर्षातच दुसरा भाग आणला, तोही ताकाहाशी स्वतः त्यासाठी फारसे उत्सुक नसताना. पुढे मालिकाच सुरू झाली आणि मूळ गेम 2018 मध्ये नव्या रूपात पुन्हा विकायला आला. ज्यातून दमडीही सुटत नाही, ते दुकान चौदा वर्षांनी कोणी पुन्हा उघडत नाही.

नाव चालते म्हणून मालिका ओढत नेली, मूळ गेमने कमावले असे त्यातून सिद्ध होत नाही, असेही कोणी म्हणेल. पण हे चालणारे नाव मूळ गेमनेच तर मिळवून दिले. त्या पहिल्या दहा लाख डॉलरांत नामकोला एका गेमबरोबर वर्षानुवर्षे विकता येणारी कल्पनाही मिळाली. ‘सायकोनॉट्स’चेही हक्क 2011 मध्ये निर्मात्यांकडे परत आल्यावर तो डिजिटल विक्रीत पूर्वीपेक्षा जोमाने खपला. दुकानातल्या पहिल्या काही महिन्यांचा खप हा हिशेबाचा शेवट नसतो. उलट, तसे मानल्याने स्वस्तात काही वेगळे करून पाहणाऱ्या निर्मात्यांचे खरोखर नुकसान होते, कारण पुढच्या वेळी पैसे मागायला गेल्यावर तोच ‘पडला’ हा शेरा त्यांच्यापुढे धरला जातो.

‘कातामारी’च्या व्यवहारात कमाई हुकली असेल तर ती युरोपात. इतका विचित्र गेम तिथे चालणार नाही असे धरून पहिला भाग त्या बाजारात आणलाच गेला नाही. दुसरा भाग 2006 मध्ये युरोपात पोचला, तोही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्याच कंपनीमार्फत. जो गेम ग्राहकापुढे मांडलाच नाही, त्याच्या कमी खपाचा दोष गेमवर टाकता येत नाही.