चार आण्याची फेरारी, बारा आण्याचा मसाला

आधीच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने आणि वाचकांनी पोटात घालाव्यात. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. हॉस्टेलमध्ये निम्म्या खोल्यांच्या भिंतीवर एक लाल गाडी चिकटवलेली असते. (उरलेल्या निम्म्यांत काय असतं ते रेक्टर सरही वाचणार असल्यामुळे लिहीत नाही!)

तर झालं असं, कॅलिफोर्नियाहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, फेरारी ३६० मोडेना घेऊ का? २००१ ची आहे, फक्त बारा हजार मैल चाललीय. सत्तर हजार डॉलर म्हणतोय." नवी असताना हीच गाडी दीड लाख डॉलरच्या आसपास होती, म्हणजे निम्म्याहून कमी! मेसमध्ये सांगितलं तर सगळं टेबल ओरडलं, "अरे, घे म्हणाव त्याला!"

माझं मत वेगळं पडलं, म्हणून हा लेख.

मोडेना आपल्याला परकी नाही. सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, तेव्हा २००२ मध्ये शूमाकरच्या हातून त्याला मिळालेली गाडी हीच. भारतात आणताना २००३ मध्ये आयात शुल्क माफ झालं, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. रक्कम होती सुमारे १ कोटी १३ लाख. फुकटच्या कोंबडीला एवढा मसाला! पुढे २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली, म्हणजे तीही सेकंडहँडच झाली.

आता मुद्द्यावर येतो. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या पार्ट्सची आणि मेकॅनिकच्या तासाची किंमत उतरत नाही. सत्तर हजारांच्या फेरारीचा खर्च सत्तर हजारांच्या गाडीसारखा नसतो, तो दीड लाखांच्या फेरारीसारखाच असतो. हे मेसच्या टेबलाला काही केल्या पटेना.

उदाहरण म्हणून टायमिंग बेल्ट घ्या. ३६० चं इंजिन ३.६ लिटरचं, व्ही-८, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण चाळीस. ८५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे १४० फेऱ्या मारतो. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्ह बाजूला व्हायलाच हवा, आणि हे टायमिंग सांभाळतो कोण, तर रबराचा पट्टा! तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर, आणि इंजिनाचं भंगार. म्हणून दर तीन ते पाच वर्षांनी बेल्ट बदलायचा, गाडी चालो वा न चालो. आधीच्या एफ-३५५ मध्ये तर त्यासाठी अख्खं इंजिनच खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये निदान सीटच्या मागचं झाकण काढून काम होतं, तेवढीच दया.

इथे दादाची पहिली चूक. "फक्त बारा हजार मैल" हे त्याला कौतुक वाटत होतं, मला ऐकून धडकीच भरली. रबर मैलांनी म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं. वीस-बावीस वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीचे सील कोरडे पडतात, होज तडकतात. अडतीस हजार मैल चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती जपलेली गाडी मी केव्हाही आधी घेईन.

दुसरी गोष्ट क्लचची. त्या गाडीत एफ-१ गिअरबॉक्स होता, म्हणजे क्लचचं पेडल नाही, काम हायड्रॉलिक्स करतं. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवली की क्लच भराभर झिजतो. किती झिजलाय ते कॉम्प्युटर जोडून टक्क्यांत कळतं, विचारायला मात्र हवं. आणि अपघात झालाय का हे बघायला आपण लोहचुंबक लावतो ना, ते इथे चालत नाही. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची!

म्हणून मी दादाला सांगितलं, विकणाऱ्याशी ज्याचा संबंध नाही अशा फेरारीच्या मेकॅनिककडून तपासून घे. लीक-डाउन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती टक्के गळते ते बघायचं. विकणारा म्हणाला, "एवढी कमी चाललेली गाडी तपासायची काय गरज?" दादाने तिथेच फोन ठेवला. शाब्बास!

पण खरं सांगायचं ते मी दोन दिवस सांगितलंच नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षाची फी दादाने भरलीय. अशा माणसाला कोणत्या तोंडाने "घेऊ नकोस" म्हणणार? शेवटी धीर करून विचारलं, "दादा, एच-वन व्हिसावर नोकरी गेली तर किती दिवस मिळतात रे?" तो म्हणाला, साठ. मी म्हटलं, त्या साठ दिवसांत गाडीचं इंजिन खोलून पडलेलं असलं तर? ती विकणार कोणाला? इकडे आणावी म्हटलं तर भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, शिवाय स्टिअरिंग डावीकडे.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "चोवीस वर्षांचा असल्यापासून ठरवलंय रे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठी माणसं "पैशाची उधळपट्टी" म्हणून हात झटकतात, तसं मला म्हणवत नाही. ८५०० ला ते इंजिन कसं ओरडतं हे ज्याने ऐकलंय त्याला ते पटणारही नाही. माझं म्हणणं एवढंच, की सत्तर हजारांची गाडी घ्यायला खिशात नव्वद हवेत, आणि ते वरचे वीस गेले तरी रात्री झोप लागली पाहिजे. दादाकडे बरोबर बहात्तर होते.

आता त्याला दुसरी ३६० सापडलीय, अडतीस हजार मैलांची, पावत्यांची जाड फाइल असलेली. भाव अठ्ठ्याहत्तर. म्हणजे निदान वर्षभर थांबावं लागेल. तपासणीचे पैसे मात्र त्याने भरून टाकलेत, रिपोर्ट शनिवारी येणार. मावशीला यातलं काहीच माहीत नाही. आपला अंक डोंबिवलीपर्यंत पोचत नाही, अशी आशा आहे!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी