एकाच कॉलेजातल्या दोघी

ऑगस्ट उजाडला की सांताक्लारातील मराठी घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलगी कॉलेजात निघाली. आईला तिच्या खाण्यापिण्याची काळजी, वडिलांना फीची. आणि दोघांनाही एक तिसरी काळजी असते, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही: घरात अठरा वर्षे जपलेले देवधर्म, सणवार, भाषा, नात्यांची ओढ यांपैकी चार वर्षांनंतर काय शिल्लक राहील?

ही काळजी आपल्या एकट्याचीच आहे अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाही. आपल्या मुलींच्या वर्गात एखादी मॉर्मन मुलगी हमखास असते. चहा-कॉफी घेत नाही, दारू-सिगारेटला शिवत नाही, रविवारी अभ्यासाऐवजी चर्चला जाते आणि सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवते. (२०१८ पासून त्या पंथाने ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये अशी विनंती केली आहे, त्यांचे पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. पण नाव लांबलचक आणि जुने नाव सर्वांच्या ओळखीचे, म्हणून येथे तेच वापरतो.) ती मुलगी हुशार असते, हसतमुख असते, आणि चारचौघांत वेगळे दिसण्याची तिला लाज वाटत नाही. आपली मुलगी मात्र कपाळावरची टिकली कॉलेजच्या दाराशी काढून ठेवते. असे का व्हावे, हा प्रश्न आईबापांनी विचारण्याजोगा आहे.

याचे उत्तर शोधताना मला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कॉलेजात जावेसे वाटते. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे नाव कोणाही मराठी माणसाला परके नाही. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये तेथूनच डॉक्टर झाल्या. पण त्यांच्या आठ वर्षे आधी, १८७८ च्या मार्चमध्ये, त्याच कॉलेजातून, त्याच डीन रेचेल बॉडली यांच्या हाताखाली एक मॉर्मन तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचे नाव एलिस रेनल्ड्स शिप.

एलिस १८४७ ची. लहानपणी आईवडिलांबरोबर युटात आली, १८६६ मध्ये तिचे लग्न झाले. मॉर्मनांत तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती आणि एलिसच्या घरीही सवती होत्या. १८७३ च्या सुमारास पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग यांनी आपल्या स्त्रियांनी वैद्यक शिकावे असे आवाहन केले. शिप घराण्यातून आधी गेली ती एलिसची सवत मार्गारेट. तिला घरची आठवण सोसवेना, ती काही आठवड्यांत परतली. तिच्या जागी १८७५ च्या नोव्हेंबरात एलिस निघाली, तीन लहान मुले मागे ठेवून. त्या मुलांना सांभाळले कुणी? सवतींनी. मधल्या सुट्टीत ती घरी आली, पुन्हा गेली, १८७७ मध्ये फिलाडेल्फियातच एका मुलीला जन्म दिला आणि तान्हे मूल घेऊन राहिलेला अभ्यास पुरा केला. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, सॉल्ट लेक सिटीत तिने सुइणी आणि परिचारिकांना शिकवणारी शाळा काढली. आणि जी सवत रडत परतली होती, तिनेही पुन्हा जाऊन १८८३ मध्ये तीच पदवी मिळवली.

एलिसची दैनंदिनी पुढे प्रसिद्ध झाली. तीत मुलांची आठवण आहे, परीक्षेची धास्ती आहे, आणि देवाकडे पुन्हा पुन्हा मागितलेले बळ आहे. कुटुंब, श्रद्धा आणि कॉलेज या तीन गोष्टी त्या वह्यांत एकमेकींशी भांडत नाहीत. त्या एकमेकींना धरून चालतात.

आता आनंदीबाईंकडे पाहू. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोट धरण्यापूर्वी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले आणि मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे भर सभेत सांगितले. त्याआधी मदत मागितली असता धर्मांतराची सूचना झाली होती. ती त्यांनी स्वीकारली नव्हती. म्हणजे श्रद्धेत ही मुलगी एलिसपेक्षा तसूभरही उणी नव्हती. उणे होते ते पाठीशी. फिलाडेल्फियात बहुतेक काळ त्यांच्याजवळ आपले असे माणूस नव्हते. मायेने पाहिले ते रोसेलच्या कार्पेंटर बाईंनी, ज्यांना त्या मावशी म्हणत, आणि डीन बॉडलींनी. दोघीही परक्या. थंडीत, धुराने भरणाऱ्या शेगडीवर स्वतःपुरते शाकाहारी अन्न रांधत त्यांनी तीन वर्षे काढली आणि प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील नेमणूक हाती होती. पण क्षयाने खंगलेला तो देह १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात थांबला. वय २१. एलिस शिप १९३९ पर्यंत जगली.

आजाराला दोष कुणाचा, हा वाद येथे घालायचा नाही. सांगायचे ते इतकेच की एकाच कॉलेजात, एकाच डीनच्या देखरेखीखाली, समाजाने विचित्र म्हणून पाहिलेल्या दोन श्रद्धाळू मुली शिकल्या. एकीला तिच्या माणसांनी पाठवले आणि मागे तिचे ओझे उचलले. दुसरीने आपला धर्म एकटीने डोक्यावर वाहून नेला. आपण मराठी माणसे आनंदीबाईंच्या धैर्याचे गोडवे गातो आणि आपल्या मुलींनाही तोच एकटेपणा देतो.

मॉर्मनांनी गेल्या शतकात तीच गोष्ट पद्धतशीर केली. १९१५ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी घरोघर आठवड्यातून एक संध्याकाळ कुटुंबासाठी ठेवण्यास सांगितले. १९७० पासून त्यासाठी सोमवार ठरला. हायस्कुलातील मुलांसाठी शाळेपूर्वी पहाटे भरणारे धर्मवर्ग १९५० मध्ये आपल्याच कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात सुरू झाले. पेंगुळलेल्या मुलांना अंधारात गाडीतून सोडणारे आईबाप तेव्हापासून दिसतात. त्यांच्या मंडळ्यांत पगारी पुरोहित नसतो. शिकवणे, गाणे बसवणे, आजाऱ्याकडे जेवण पोचवणे ही कामे सभासदांना वाटून दिलेली असतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी रविवारी मंडळीपुढे उभी राहून भाषण करते. कॉलेजच्या नव्या गावी गेली की तेथील अविवाहित तरुणांची मंडळी तिची वाट पाहत असते आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर एखादे काम येऊन पडते. प्रचारसेवेला जाण्याचे मुलींचे वय २०१२ मध्ये २१ वरून १९ वर आले आणि २०२५ च्या अखेरीस १८. त्यामुळे कॉलेजच्या मधोमध दीड वर्ष परमुलखात घालवून परत येणाऱ्या मुली आता नवलाईच्या राहिल्या नाहीत.

यातले वर्म कोणते? आठवडाभरच्या प्रवचनात ते नाही. वर्म आहे कामात. त्या मुलीशिवाय कुणाचे तरी अडते, हे तिला ठाऊक असते. आपल्या वारीत हेच होते. दिंडीत कुणी टाळ धरतो, कुणी वीणा, कुणी तुळस डोक्यावर घेते. प्रेक्षक असा कुणी नसतो. सातशे वर्षे वारी टिकली ती म्हणूनच. आणि आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात तरुण मुलगी काय असते? वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मंचावर नाचणारी, पुढे खुर्चीत बसून फोन पाहणारी. बाकी सगळे आईबाप करतात आणि मग मुलांना गोडी नाही म्हणून हळहळतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लेखन स्तुतिस्तोत्र ठरेल. एलिसच्या मुलांना सांभाळणाऱ्या सवती ज्या चालीतून आल्या ती चाल १८९० मध्ये पंथानेच बंद केली, आणि ते योग्यच झाले. कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार मिळायला १९७८ उजाडावे लागले. स्त्रियांना तो अजून नाही. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी झगडणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९ मध्ये पंथाबाहेर काढण्यात आले. मंदिरातील विवाहाला पंथाच्या कसोटीस उतरलेल्यांनाच प्रवेश असतो. श्रद्धा सोडलेली आई पोटच्या मुलीच्या लग्नविधीच्या वेळी बाहेर थांबते. जी मिठी इतकी घट्ट, तिच्यातून सुटणेही तितकेच रक्त काढणारे. कॉलेजात प्रश्न पडू लागलेल्या मॉर्मन मुलीला केवढी किंमत डोळ्यांपुढे दिसत असेल, याची कल्पना करून पाहावी.

येथे आपल्याजवळ काही देण्याजोगे आहे. आपल्या घरात देव न मानणारा काका आणि सोवळे पाळणारी आजी एका पंगतीला जेवतात. नामदेव-तुकारामांच्या परंपरेत विठ्ठलाशी भांडण हीसुद्धा भक्तीच. मुलीने ‘हे कशासाठी?’ विचारले म्हणून आपण तिला घराबाहेर उभी करत नाही, निदान करू नये. पण हा मोकळेपणा आणि बेफिकिरी यांत फरक आहे. प्रश्न विचारायची मुभा द्यायची आणि उत्तर द्यायला घरात कुणालाच सवड नसायची, याला उदारपणा म्हणत नाहीत.

म्हणून एकच सुचवावेसे वाटते. त्यांची शिस्त पुरी उचलू नये, ती आपल्याला पेलणारही नाही. त्यांचा विश्वास उचलावा. सतराव्या वर्षाच्या मुलीच्या हाती मंडळाच्या एका कार्यक्रमाचा हिशेब द्या, आणि चुकला तर तिलाच निस्तरू द्या. मराठी शाळेतील एक वर्ग तिला शिकवू द्या. गणपतीची पूजा यंदा तिने सांगावी, अर्थासकट. पुण्या-नागपुराहून एम.एस.साठी येणाऱ्या, पहिल्या आठवड्यात घर आठवून रडणाऱ्या मुलींना विमानतळावरून आणण्याचे काम तिच्या पिढीकडे द्या; त्या मुलींना आनंदीबाईंची शेगडी पुन्हा पेटवावी लागू नये. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, वार कोणताही असो, घरात सर्वांनी मिळून जेवावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

आपल्याच गावात १७७७ साली स्पॅनिश फादरांनी मिशन स्थापिले, १८५१ मध्ये जेझुइटांनी त्या मिशनच्याच आवारात कॉलेज काढले, आणि मुलींना तेथे पदवीसाठी प्रवेश मिळाला तो १९६१ मध्ये. श्रद्धा आणि शिक्षण एका अंगणात नांदू शकतात, मुलींना आत यायला मात्र उशीर होतो, हे ती वास्तू रोज सांगते. आपल्या मुली अभ्यासात केव्हाच आत पोचल्या आहेत. आपल्या धर्माच्या, भाषेच्या, मंडळाच्या घरात मात्र त्या अजून पाहुण्या आहेत. पाहुणा कितीही गोड वागला तरी एक दिवस आपल्या वाटेने निघून जातो. घरच्या माणसाला आधी घरातले काम सांगावे लागते.