आधी तानपुरा ऐकवा

रविवारी सकाळी आमच्या घरी तबकडी लागते, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. गेले दोन रविवार ती लागली नाही. वडिलांनी १९८४ साली घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर गणपतीच्या आधीपासूनच कुरकुरत होता. एका बाजूचा आवाज जायचा, टपली मारली की यायचा. आता तो टपलीलाही दाद देईना. नवा घ्यायचं ठरलं आणि मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. पिशवीत किशोरीताईंच्या भूपाची लाँगप्ले होती. चपला घ्यायच्या तर पाय बरोबर न्यावा लागतो, तसंच हे.

पहिल्या दुकानातल्या मुलानं पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. "काका, ह्यो बघा. हजार वॅट," म्हणाला आणि मोबाईल जोडून त्यानं एक गाणं लावलं. काचेच्या कपाटात मांडलेले रिमोट थरथरायला लागले. "भिंत हादरती का न्हाई बघा!" भिंत खरोखरच हादरत होती. मी म्हटलं, "बाळ, आता गाणं बंद कर. आवाजाचं बटण मात्र आहे तिथंच राहू दे." त्यानं गोंधळून माझ्याकडं पाहिलं आणि गाणं थांबवलं. स्पीकरमधून घुर्र असा आवाज येतच राहिला. "हे काय?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्ये असतंयच काका. गाणं लागलं की कळत न्हाई."

आमच्या गाण्यात ते कळतं, आणि माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ती वीज एकदिश करताना मागं राहिलेली लहर १०० आवर्तनांची होते. कंडेन्सर चांगले नसले की तीच घुर्र होऊन बाहेर येते. आता काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तानपुरा घ्या. त्याची खर्जाची तार साधारण १०४ आवर्तनांवर बोलते. म्हणजे बाईंनी षड्ज लावायच्या आधीच खर्जाला खेटून एक उतरलेली तार वाजायला लागते, आणि दोन्ही मिळून सेकंदाला चार हेलकावे देतात. ज्यांनी चार वर्षं तानपुरा जुळवलाय, त्यांना हे दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागतं. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर ते बुडून जातं, कारण तिथं सगळंच बुडून जातं. भूपाच्या पहिल्या मिनिटात, आवाज अजून सुरात स्थिरावतोय तेवढ्यात, दुसरं काहीच ऐकू येत नाही.

वॅटचा हिशेब एकदा सांगून टाकतो. घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एका मीटरवर साधारण ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून पन्नासाच्या जागी शंभर वॅट घेतल्यानं बैठकीच्या खोलीत फारसा फरक पडत नाही. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून जो हजारांचा आकडा छापतात, तो क्षणभराच्या उसळीचा. आपल्या कामाचा आकडा 'आरएमएस'चा. तबकडी लावणाऱ्यानं आणखी एक बघावं. सुईकडून येणारा विजेचा दाब जेमतेम ५ मिलिव्होल्ट असतो, तर सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. तबकडीचा आवाज शेकडो पटींनी आधी वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर घुर्रही वाढते. म्हणून फोनोची जोडणी कशी आहे, हे ऐकूनच ठरवावं लागतं.

पण ऐकवणार कोण? दुसऱ्या दुकानात टर्नटेबल नव्हतं. तिसऱ्या दुकानात खोका सीलबंद होता. आधी पैसे, मग उघडणार. चौथ्या ठिकाणी पाच टीव्ही एकदम चालू होते. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, साडी घेताना घडी उजेडात नेतो. आयुष्यभर कानावर पडणार ती वस्तू मात्र न ऐकता घ्यायची, हे मला मुळीच पटत नाही.

शेवटी जुन्या मिस्त्रीमामांकडं गेलो. दुकान एवढंसं, आत एकच खुर्ची. तीवर मला बसवलं आणि स्वतः उभं राहून विचारलं, "खोली केवढी?"

"बारा बाय दहा."

"स्पीकर?"

"आठ ओहमचे."

"आणि लावणार तबकडीच न्हवं?"

मग त्यांनी कपाटावरून एक वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही हातांनी उचलून आणला. ट्रान्सफॉर्मरचं वजन त्यांच्या मनगटावर दिसत होतं. तबकडी न लावता बटण दोनतृतीयांश फिरवलं. घुर्र आलीच. मामांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि आवाज निम्म्यावर आला. बोट उचललं, पुन्हा वाढला. "अर्थिंग," ते म्हणाले. "निम्मी घुर्र लोकांच्या घरातलीच असती. मशीन बदलून ती जात न्हाई." टर्नटेबलच्या मागं लोंबणारी बारीक हिरवी तार त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळली, प्लगची तिसरी पिन तपासली आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून उभे राहिले. बराच वेळ तसेच होते. मग मला म्हणाले, "या, ऐका." मी कान लावला. काहीच नव्हतं. त्यानंतर सुई टेकली, आणि भूपाच्या आधी तानपुऱ्याच्या चारही तारा मला वेगवेगळ्या मोजता आल्या.

डाग द्यायला मामांनी सोल्डरिंगची कांडी तापवली आणि बोलता बोलता स्वतःच्या वडिलांची आठवण काढली. ते म्हणायचे, पॅलेस थिएटरात शेवटच्या रांगेतही नटाचा श्वास ऐकू यायचा. पॅलेस थिएटर म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी ते १९१५ साली उभं केलं, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हतेच. ज्यांचं नाव पुढं त्याला दिलं, ते संगीतसूर्य केशवराव अशाच नाट्यगृहांत बिनमाईकचे गायले. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, ते नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्री कोल्हापुरात रडलेली माणसं मला ठाऊक आहेत.

मामांशी हे बोलणं झाल्यापासून अ‍ॅम्प्लिफायरचा विषय बाजूला राहिला आहे आणि डोक्यात बिनमाईकचं गाणंच चाललंय. हे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. केसरबाई आणि मोगूबाई या त्यांच्या शिष्या. भूर्जी खाँसाहेबांनी याच गावात राहून तालीम दिली, मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडं शिकले. ती सगळी तालीम एका खोलीत, एका तानपुऱ्यावर झाली. इथला देवल क्लब १८८३ पासूनचा. अशा गावात गेल्या महिन्यात मी एका बैठकीला गेलो होतो. साठ माणसं, गच्च भरलेला छोटा हॉल, आणि समोर खांद्याएवढे चार स्पीकर. तबल्याची थाप छातीवर बसत होती. तानपुरा सुरुवातीला दिसला तेवढाच, नंतर ऐकू आला नाही. गायिकेनं दोनदा हात करून आवाज कमी करायला सांगितलं. तो कमी झाला आणि पाच मिनिटांत पुन्हा पहिल्या जागी गेला. कार्यक्रम उत्तम झाला असं लोक म्हणाले. मी घरी येऊन रात्रभर तळमळत राहिलो, कारण त्या गायिकेचा आवाज सुरेख होता आणि मी तो ऐकलाच नव्हता.

माईक असावा. दोन हजार माणसांच्या मैदानात तो लागतोच. पण साठ माणसांच्या खोलीत गळा पुरतो. त्यासाठी श्रोत्यांनी मोबाईल खिशात ठेवून दोन मिनिटं गप्प बसावं लागतं, इतकंच. कान एकदा शांततेला सरावला की मींड ऐकू येते, सुरावरून सुटताना होणारा श्वास ऐकू येतो. हे ऐकू येणं आपण गमावत चाललोय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मामांचा तो वापरलेला अ‍ॅम्प्लिफायरच मी आणला. तीस वॅटचा आहे, घरच्या प्लगलाही अर्थिंग करून घेतलं, आणि या रविवारी तबकडी लागली.

आता एक मागणं. केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलेल्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पडदा पुन्हा उघडेल तेव्हा पहिल्या महिन्यात एक बैठक बिनमाईकची ठेवा. गाणारा कोल्हापूरचाच असू दे. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसेन, आणि तुम्हीही या.